थंड शिळेपुढची जबानी

वऱ्हाडात ऋतू सहा असल्याचे पंचांगात छापलेले असले, तरी होळीपासून मृगापर्यंतचा सारा कारभार एकट्या उन्हाच्या हाती असतो आणि त्या काळात दुसऱ्या कोणत्याही सत्तेचा अंमल आमच्या मुलखावर चालत नाही, ही गोष्ट ज्याने वैशाखातल्या भर दुपारी अकोल्याच्या रेल्वे स्थानकावर पाय ठेवला आहे त्याला पुरावे देऊन पटवावी लागत नाही. २०२० सालच्या मे महिन्याच्या २६ तारखेस अकोल्याचा पारा ४७.४ अंशांवर गेला, तेव्हा अन्य प्रांतातील लोकांनी हाय खाल्ली असती. अकोलेकरांनी मात्र अमरावतीच्या सोयऱ्यांना फोन लावून 'तुमच्या इकडे किती हाये?' अशी चौकशी आरंभली, कारण उष्णतेच्या बाबतीत अमरावतीपेक्षा एक अंश का होईना पुढे असणे हा तेथे नागरी अभिमानाचा विषय आहे. आणि अमरावतीकरही, विद्येत आपण पुढे आहोत असे मनाशी समजून, हा पराभव उदार अंतःकरणाने सोसतात. पुढे २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना उष्णतेच्या लाटेपायी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ लागू करावे लागले. त्या हुकमाचा रोख मजुरांच्या कामाच्या वेळा, पिण्याचे पाणी, पंखे आणि खाजगी शिकवण्यांचे तास यांवर होता. पण एकशे चव्वेचाळीस हा आकडा आपल्या लोकांच्या मनात जमावबंदीशी कायमचा निगडित झालेला असल्यामुळे, अकोल्यास राहणाऱ्या आमच्या थोरल्या मेहुण्यांनी, ज्यांची उभी हयात एका जिनिंग-प्रेसिंगच्या दप्तरात मुनिमी करण्यात गेली, तत्काळ असा कायदेशीर मुद्दा उपस्थित केला की, रात्री जेवणानंतर घरातील पाच माणसे एकदम आइस्क्रीम खाण्यास बाहेर पडली तर तो बेकायदा जमाव ठरेल काय. या शंकेचे निरसन करणारा अधिकारी जवळपास उपलब्ध नसल्याने ते तीन आणि दोन अशा दोन तुकड्यांनी गेले.

पुण्या-मुंबईकडे आइस्क्रीम हौसेखातर खातात. आमच्याकडे ते दुष्काळी कामाइतके निकडीचे आहे. सबब ते कोणत्या दुकानात खावे हा प्रश्न आम्ही वाटेवर सोडून देत नाही. अमरावतीत आणि अकोल्यात आज या धंद्याची दोन घराणी नांदतात. एक जुने, गल्लीतले, बापाकडून मुलाकडे आलेले. दुसरे नवे, काचेच्या तावदानांचे, ज्यात आइस्क्रीमचा गोळा एका गोठवलेल्या शिळेवर ठेवून त्यात बिस्किटे, ब्राउनी, चॉकलेटे आणि तत्सम स्थावर-जंगम वस्तू दोन पात्यांनी कुटून मिसळतात आणि मग तो ऐवज गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करतात. या दोहोंतील फरक चवीचा आहे असे तरुण मंडळी समजतात. चवीचा फरक आहेच. पण मुळातला फरक निर्णय कोणी करायचा हा आहे, आणि त्यावर चार शब्द विस्ताराने लिहावेत असे पुष्कळ दिवस मनात होते.

आधी जुने घराणे. अमरावतीच्या राजकमल चौकातून कोणत्याही दिशेस थोडे आत वळले की असे एखादे दुकान अद्याप दृष्टीस पडते. गल्ल्यावर मालक, त्यांच्या मस्तकावर गजानन महाराज आणि गाडगेबाबा यांच्या तसबिरी, आणि त्यांपुढे सकाळच्या उदबत्तीची राख, दोन्ही भिंतींना समोरासमोर आरसे, जेणेकरून दुकानात एकटेच बसलेले गिऱ्हाईक स्वतःच्याच अनंत प्रतिमा पाहून दुकानाची चलती आहे अशी खात्री करून घेते, सनमायकाची टेबले, ज्यांच्या कडा ओलसर फडक्याने पुसून पुसून वर उचलल्या गेल्या आहेत, आणि छतास एक पंखा, जो वाऱ्यापेक्षा आवाजाने आपल्या अस्तित्वाची ग्वाही देतो. भिंतीवर रंगाऱ्याकडून लिहवून घेतलेला फळा असतो. त्या फळ्यावरील निम्मी नावे वस्तुस्थिती असून उरलेली निम्मी आकांक्षा असतात. विशेषतः पिस्ता हा प्रकार तेथे नेहमी 'आत्ताच संपलेला' असतो. तो आलेला आपण डोळ्यांनी पाहिला अशी शपथेवर साक्ष देणारा मनुष्य मला अमरावतीत अजून भेटावयाचा आहे.

आइस्क्रीम येते ते जाड काचेच्या, पायाच्या पेल्यात. वर एक त्रिकोणी वेफर, शेजारी टुटीफ्रुटीचे चार-सहा खडे आणि शिखरावर एक तांबडी चेरी. या चेरीची वंशावळ तपासली तर ती बहुधा करवंदाच्या जाळीत निघते, आणि टुटीफ्रुटीची कच्च्या पपईत. साखरेच्या पाकात रंगवून विलायती नावे धारण केलेली ही आमचीच मंडळी आहेत, आणि लहानपणी ज्या चेरीसाठी भावंडांत फौजदारी झाल्या ती मूळची रानातली करवंदे होती हे समजल्यावर मला तिच्याविषयी अधिकच जिव्हाळा वाटू लागला.

परंतु या सर्व सरंजामाहून महत्त्वाचे ते मालकांचे वर्तन. आपण सहकुटुंब आत शिरलो की ते एकच प्रश्न करतात, 'किती जन?' संख्या समजली की पुढील सर्व अधिकार त्यांच्याकडे वर्ग होतात. ते गल्ल्यावरूनच मुदपाकखान्याकडे तोंड करून हुकूम सोडतात, 'चार नंबरले दोन मँगो, एक बटरस्कॉच, अन् काकाले व्हॅनिला दे, बरफ झालेलं देऊ नोको, त्यायचा घसा बसून रायला.' काकांचा घसा बसलेला आहे ही गोष्ट काकांनी घरीही कोणास सांगितलेली नसते. त्यांनी उसाचा रस घेतला तेव्हाचा खोकला मालकांनी शेजारच्या रसवंतीतून ऐकलेला असतो. एखाद्या मुलाने 'मले चॉकलेट पाह्यजे' अशी हरकत नोंदवली तर मालक ती दाखल करून घेतात. पण येतो मँगोच. त्यावर अपील नाही. आणि आश्चर्य असे की, पहिला चमचा जिभेवर विरघळेपर्यंत त्या मुलालाही आपण मँगोच मागितला होता असे वाटू लागते.

याचे कारण शोधू जाता आपल्याला वऱ्हाडच्या पंगतीत जाऊन बसावे लागते. तेथे वाढपी कधी विचारत नाही. पाहुण्याला 'आणखी घेता का?' असे पुसणे म्हणजे त्याला नाही म्हणण्याची सोय करून देणे, आणि ज्या घरी अशी सोय होते त्या घरच्या आतिथ्याविषयी गावात निराळ्या आवाजात बोलले जाते. पाहुण्याचे काम पानावर आडवा हात धरण्याचे. वाढप्याचे काम त्या हाताच्या बोटांमधून तूप ओतण्याचे. रोडग्यांच्या पंगतीत मी असे सज्जन पाहिले आहेत की ज्यांनी दोन्ही हात पानावर पालथे घातले असताही वाढप्याने त्यांच्या हातांवरच वरण वाढले, आणि उभय पक्षांनी तो व्यवहार रीतसर झाल्याचे मानले. जावयाची तर गोष्टच वेगळी; सासुरवाडीस जावयाचे मत विचारणे हा त्याचा उपमर्द समजला जातो. जुन्या आइस्क्रीमवाल्याचे घराणे या परंपरेतले आहे. तो आपल्याला काय हवे हे विचारत नाही, कारण ते त्याला ठाऊक आहे, निदान आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, असे तो मानतो. आणि इतक्या ठाम श्रद्धेपुढे आपलीही इच्छा हळूहळू त्याच्या इच्छेला शरण जाते.

आता दुसऱ्या घराण्याकडे वळू. भाचीचा वाढदिवस होता आणि तिच्याच आग्रहावरून आमच्या मेहुण्यांना अमरावतीत अशा एका शिळेच्या दुकानी नेण्याचा प्रसंग आला. मेहुणे अकोल्याहून मोटारीने आले ते राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून, आणि आल्याबरोबर त्यांनी त्या रस्त्याची कीर्ती गाण्यास प्रारंभ केला, कारण २०२२ च्या जून महिन्यात लोणी ते माना या टप्प्यात पंचाहत्तर किलोमीटर लांबीची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालून आमच्या या रस्त्याने गिनीजच्या बुकात नाव नोंदवले आहे, आणि हा विक्रम अकोल्याचा की अमरावतीचा याविषयी आमच्या दोन घरांत अद्याप तडजोड झालेली नाही. 'रस्ता कसा, सपासप,' असे म्हणत ते दुकानात शिरले. पुढे जे घडले ते सपासप नव्हते.

शिळेपलीकडे टोपी आणि एप्रन घातलेला एक तरतरीत मुलगा उभा होता. त्याने स्मित करून सुनावणीस आरंभ केला.

'वेलकम सर. कप की कोन?'

'कप दे बाबू,' मेहुणे म्हणाले आणि खुर्चीकडे वळले. जुन्या घराण्यात येथवर आल्यावर बसावयाचे असते.

'साइज कोणती सर? स्मॉल, मीडियम, लार्ज?'

'मंधातली दे.'

'बेस कोणता घेणार? व्हॅनिला, बेल्जियन चॉकलेट, कॉफी, बबलगम...'

'बबलगम हे गियाचं असते का चघयाचं?'

मुलाने या प्रश्नाची नोंद न घेता पुढील कलम पुकारले. त्यात मिसळावयाच्या जिनसा निवडायच्या होत्या. दोन मोफत, तिसरीपासून आकार. काचेमागे डबे ओळीने मांडले होते आणि त्यांत ब्राउनीचे तुकडे, काळ्या बिस्किटांचा चुरा, रंगीत गोळ्या, भाजलेले बदाम आणि चिकट अस्वले होती. त्यानंतर वरून घालावयाचा पाक कोणता, तो आत हवा की वर, वर हवा तर पेल्याच्या कडेने की मधोमध, असे उपप्रश्न झाले. मग मुलगा एकदम गंभीर झाला.

'सर, नट्सची काही ॲलर्जी?'

'मले विचारून रायला तू?' मेहुण्यांचा आवाज चढला. 'चाळीस वर्सं जिनिंगात कापसाची धूळ खाल्ली बाबू म्या.'

'नाव सांगा सर, कपवर लिहायला.'

मेहुण्यांनी संशयाने माझ्याकडे पाहिले आणि नाव सांगितले.

'मोबाइल नंबर?'

'सातबाराबी आनू का?'

मेहुण्यांचा स्वभाव असा की, ज्या दस्तऐवजातील मजकूर समजत नाही त्यावर सही करायची नाही. परंतु मागे रांग वाढत होती, भाचीच्या मैत्रिणी ओठांत हसत होत्या, आणि गोंधळलेला सज्जन मनुष्य जे करतो तेच त्यांनी केले: उरलेल्या सर्व प्रश्नांना त्यांनी 'हाव' म्हटले. मग शिळेवर काम सुरू झाले. मुलाने कॉफीचा गोळा आपटला, त्यावर ब्राउनी, बिस्किटे, बदाम आणि अस्वले रचली, आणि दोन पोलादी पाती घेऊन असा काही ठेका धरला की डोळे मिटले असते तर आपण रात्री बसस्थानकाबाहेर भुर्जीच्या गाडीपाशी उभे आहोत असे वाटले असते. अखेर पेला हाती आला. त्यातील ऐवजाचा रंग काळ्या मातीचा होता, आणि तीतून एक हिरवे अस्वल अर्धे वर आले होते.

मेहुण्यांनी एक चमचा घेतला, बराच वेळ विचार केला, आणि दुसरा चमचा घेतला नाही. त्यांच्या मुद्रेवर जो भाव मी पाहिला तो बेचव आइस्क्रीमाने उत्पन्न होणारा नव्हता. जुन्या दुकानात मँगो पांचट निघाला तर मालकाला शिव्या देता येतात. घरी जाताना, दुसऱ्या दिवशी, क्वचित पुढील पिढीतही देता येतात, आणि त्या शिव्यांनी आइस्क्रीमवरील खर्चाची बरीचशी भरपाई होते. येथे बेस त्यांचा, बिस्किटे त्यांची, अस्वल त्यांचे; फिर्यादी आणि आरोपी हे एकच गृहस्थ असून पेल्यावर त्यांचे नावही लिहिलेले. मुलाने त्यांच्या हुकमाबाहेर एक बदामही घातला नव्हता. तक्रार करावयाची तर कोणाविरुद्ध? जन्मभर दुसऱ्याच्या हिशेबातील चुका काढलेल्या मनुष्यावर हा प्रसंग यावा हे पाहून मी माझा पेला त्यांच्याकडे सरकवला. पण माझ्या पेल्यात बबलगम होता.

आता या शिळेचा इतिहास पाहिला तर मौज अशी की, तिचे मूळ कोणत्याही मोठ्या कंपनीत नाही. १९७३ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स संस्थानातील सॉमरव्हिल नावाच्या गावी स्टीव्ह हेरेल नामक गृहस्थाने एक लहानसे आइस्क्रीमचे दुकान काढले. कारखान्यातील फुसफुशीत आइस्क्रीमला विटून तो दुकानातच, लोकांच्या डोळ्यांदेखत, घट्ट आइस्क्रीम फिरवीत असे, आणि गिऱ्हाइकाने मागितलेली चॉकलेटे-बिस्किटे त्यात हाताने कालवून देत असे. लोकांच्या रांगा रस्त्यावर गेल्या. १९७७ मध्ये त्याने ते दुकान विकले. पुढे १९८३ मध्ये ह्यूस्टन शहरी 'मार्बल स्लॅब' आणि १९८८ मध्ये ॲरिझोनातील टेम्पी येथे 'कोल्ड स्टोन' अशा मोठ्या दुकानमालिका याच कल्पनेवर उभ्या राहिल्या. कल्पना तीच, फक्त कालवणारा हात बदलला आणि त्याच्याखाली थंड दगड आला. त्यातील दुसऱ्या मालिकेत, नोकरास बक्षिशी दिली असता सर्व नोकर मिळून गाणे म्हणतात अशी प्रथा आहे. अमरावतीस ही प्रथा आणण्याचा कोणाचा विचार असेल तर त्याने आमच्याकडील बक्षिशीची रक्कम आधी पाहावी, आणि मगच गाण्याची लांबी ठरवावी. सांगावयाचे ते हे की, ज्या मालिकांना आम्ही परके समजतो त्यांचा मूळपुरुष राजकमल चौकातील मालकांचाच भाऊबंद होता. फरक इतकाच की, तो गिऱ्हाइकाचे ऐकत असे.

या दगडाच्या व्यवहारात मला सर्वात मनोरंजक वाटते ती हवेची गोष्ट. आइस्क्रीम फिरवताना त्यात हवा मिसळावी लागते. ती नसेल तर पेल्यात गोड बर्फाची वीट येईल. परंतु हवा फुकट असल्यामुळे कारखानदाराचा हात ती घालताना सैल सुटतो, आणि दुधाच्या मिश्रणाइतकीच हवा भरून एका लिटराचे दोन लिटर करणे यंत्रास सहज जमते. म्हणून सरकारने असे ठरवून दिले आहे की, आइस्क्रीम म्हणून विकावयाच्या पदार्थाचे वजन लिटरमागे किमान ५२५ ग्रॅम भरले पाहिजे आणि त्यात दुधाची स्निग्धता निदान दहा टक्के असली पाहिजे. याचा सरळ अर्थ असा की, डब्यात जवळजवळ निम्मी हवा असली तरी कायद्याला त्याची हरकत नाही. आता शिळेवर काय होते पाहा. पात्यांनी तो गोळा दाबून, दुमडून, पुन्हा दाबून कालवला की आत कोंडलेली हवा बरीचशी निघून जाते. अर्थात गिऱ्हाईक प्रथम हवेचे पैसे देते आणि मग ती हवा बाहेर काढण्याच्या मजुरीचे देते. आमच्या आजोळी लग्नसराईत लाकडी बादलीत बर्फ आणि खडे मीठ भरून, मधल्या डब्याचा दांडा पाळीपाळीने आम्ही मुले फिरवीत असू, तेव्हा त्यात हवा फारशी शिरत नसे, कारण आमच्या अंगात ती घालण्याइतका जोरच नव्हता; परिणामी त्या आइस्क्रीमचा चमचा जड लागे. मीठ घातल्याने बर्फ शून्याच्या कितीतरी खाली जातो हे शास्त्र आम्हाला नंतर शाळेत शिकवले; पण बादलीच्या बुडाशी साचलेल्या खाऱ्या पाण्यात बोट बुडवण्याची पैज लावून ते आम्ही आधीच आत्मसात केले होते.

पुष्कळ ठिकाणी आइस्क्रीमच्या पंक्तीला बसणारा पदार्थ आइस्क्रीम नसतोच. वनस्पतीजन्य तेलाचा असल्यास त्यावर 'फ्रोझन डेझर्ट' असे बारीक अक्षरांत लिहिणे भाग आहे. यावरून अमूल आणि हिंदुस्तान युनिलिव्हर यांच्यात २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात जाहिरातींचा दावाही झाला. आमचे मेहुणे तेव्हापासून प्रत्येक डबा उलटा करून वाचतात, आणि तोवर आतला माल पातळ होतो.

कराच्या बाबतीत तर सरकारने आइस्क्रीमचे तत्त्वज्ञानच मांडले आहे. पार्लरात बसून खाल्लेल्या आइस्क्रीमला उपाहारगृहाचा पाच टक्के कर लावावा की मालाचा अठरा टक्के, असा वाद उपस्थित झाला तेव्हा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ६ ऑक्टोबर २०२१ च्या परिपत्रकाने असा निर्वाळा दिला की, पार्लरे ही आधीच तयार झालेले आइस्क्रीम विकतात, तेथे कोणत्याही टप्प्यावर पाकक्रिया होत नाही, सबब त्यांना उपाहारगृहाचा दर्जा देता येत नाही. मला हा निवाडा वाचताना शिळेपुढील त्या मुलाची फार दया आली. दोन्ही हातांनी पाती चालवून घामाघूम झालेल्या त्या कलावंताची क्रिया पाकक्रिया नव्हे, असे दिल्लीहून लेखी कळवण्यात आले होते. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात आइस्क्रीम या मालावरचाच कर अठरावरून पाचावर आला आणि हा वाद बराचसा निवळला. पण त्या मुलाच्या कलेस मान्यता काही मिळालीच नाही.

या दोन्ही घराण्यांवर माझा एक समाईक आक्षेप आहे, आणि तो अमरावती जिल्ह्याच्या वतीने मांडणे मी माझे कर्तव्य समजतो. आमच्या वरूड आणि मोर्शी तालुक्यांत मैलोगणती संत्र्याच्या बागा आहेत. त्या संत्र्याचा आंबिया बहार, मृग बहार, त्याची गळ, त्याचे भाव यांवर आमच्या जिल्ह्यातील निम्मी संभाषणे चालतात. पण फळ आमचे आणि नाव नागपूरचे, ही जुनी जखम २०१४ मध्ये 'नागपुरी संत्रा' याला भौगोलिक मानांकन मिळाल्याने शिक्कामोर्तब होऊन कायम झाली. ते असो; नाव गेले, निदान चव तरी राहावी! परंतु जुन्या दुकानातील 'ऑरेंज' ही पिवळ्या-तांबड्या रंगाची बर्फाची कांडी असून तिचा संत्र्याशी संबंध चुलत्याच्या चुलत्याइतका असतो, आणि नव्या दुकानातील डब्यांच्या त्या लांब ओळीत बेल्जियमचे चॉकलेट, ऑस्ट्रेलियाचा मेकेडेमिया आणि जर्मनीत जन्मलेले अस्वल हजर असते, पण आमच्याच जिल्ह्यातील वरुडाचे संत्रे हजर नसते. आंबट फळ दुधात घातले की दूध नासते, अशी सबब कोणी सांगेल. पण कर्नाटकातल्या मुल्कीहून मुंबईस आलेल्या रघुनंदन कामत यांनी १९८४ मध्ये जुहूस पावभाजीच्या जोडीने जे आइस्क्रीम विकायला सुरुवात केली, त्या 'नॅचरल्स'ने सीताफळासारख्या बियांनी भरलेल्या, शहाळ्यासारख्या पाणचट फळांना पेल्यात बसवून दाखवले. तेथे आमच्या संत्र्यालाच का जागा मिळू नये? अकोल्यास डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून उभे आहे. त्यांनी मनावर घेतले तर अकोल्याच्या हातून अमरावतीचे हे एक काम होईल, आणि मग उष्णतेच्या बाबतीत आम्ही पुन्हा कधी वाद घालणार नाही.

इतके लिहूनही नव्या दुकानांना दोष देऊन मोकळे होणे मला जमत नाही. जुन्या दुकानात मागील बाजूस पडदा लावलेले एक 'फॅमिली' दालन असे, आणि बायकामुलींनी त्या पडद्याआड बसून घाईघाईने पेला संपवावा अशी अपेक्षा असे. पुढच्या टेबलांवर पुरुषांची राजकीय खलबते चालत. नव्या दुकानाच्या काचा रस्त्यावरून आरपार दिसतात, आणि स्पर्धा परीक्षांसाठी खेड्यांतून अमरावतीत येऊन खोली करून राहिलेल्या मुली रात्री नऊ वाजता तेथे बिनदिक्कत बसून, एक पेला तिघीत घेऊन, तासभर बोलत असतात, आणि त्यांना उठा म्हणणारे कोणी नसते. त्या मुलीच शिळेपुढील प्रश्नांना सर्वांत उत्तम उत्तरे देतात. दिवसभर चार पर्यायांतून एक निवडण्याचाच सराव चाललेला असतो, त्यामुळे बेस, जिन्नस, पाक, सारे एका दमात सांगून त्या मोकळ्या होतात, आणि त्यांचा पेला मातकट झालेला मी पाहिलेला नाही. त्यांच्या बापांनी आयुष्यात कधी त्यांना 'तुला काय हवे' असे विचारले असेल, नसेल. येथे टोपीवाला मुलगा ते ओळीने विचारतो. मेहुण्यांना जी उलटतपासणी वाटली, ती त्यांच्या भाचीला पाहुणचार वाटली, आणि दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते.

हे सारे गल्लीतल्या मालकांच्या चिरंजीवांनाही कळलेले आहे. तो अभियंता होऊन पुण्यास दोन वर्षे राहून परत आला, आणि गेल्या उन्हाळ्यात त्याने आरशांपैकी एक आरसा काढून त्या जागी एक लहानशी थंड शिळा बसवली. वर निऑनची पाटी, काचेचे सहा डबे, दोन पाती. वडिलांनी विरोध केला नाही. फक्त गल्ला जिथे होता तिथेच राहिला. मी सायंकाळी गेलो तेव्हा चिरंजीवांनी शिकल्याप्रमाणे हसून मला विचारले, 'काका, बेस कोणता? आणि मिक्स-इन?' मी डब्यांकडे पाहिले. उत्तर मनाशी जुळवीत होतो तोच गल्ल्यावरून, नोटा मोजणे न थांबवता, आवाज आला:

'अबे त्यायले काय विचारतं? व्हॅनिला घे, बदाम टाकजो दोन, थे काळं बिस्कुट टाकू नोको, दात हालून रायला त्यायचा. अन् लय कुटू नोको, आवाजानं माह्यावाला हिशोब चुकते.'

चिरंजीवांनी पाती उचलली. दात कोणता हलतो हे मला त्यांनी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही, कारण तो हलतो हे मी दंतवैद्यालासुद्धा अजून कळवलेले नव्हते.